आमची वाटचाल : भोंग्यांपासून मिलिसेकंदांपर्यंत

लालबागच्या आमच्या गाळ्यावर अजूनही ‘साऊंड सर्व्हिस’ हीच पाटी आहे. बाबा मंडळांना, लग्नांना, सत्यनारायणाला स्पीकर भाड्याने द्यायचे. मी वायरी गुंडाळतच मोठा झालो. आज आम्ही चौघं एका गावचा आवाज इंटरनेटवरून दुसऱ्या गावी पोचवतो. म्हणजे नक्की काय विकतो, हे शेजारच्या वडापाववाल्याला अजून नीट सांगता आलेलं नाही.

सुरुवात फजितीने झाली. 2013 साली नागपूरच्या एका व्याख्यानाचे वक्ते आजारी पडून दादरलाच राहिले. मी फोन मिक्सरला जोडून दिला. साध्या फोनवरून 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच आवाज जातो. ‘स’ची सगळी धार त्याच्या वर. ‘सत्य’ म्हटलेलं सभागृहात ‘फत्य’ ऐकू येत होतं. आयोजकांनी निम्मेच पैसे दिले. मी मुकाट्याने घेतले.

तोवर ओपस नावाचा कोडेक, म्हणजे आवाज दाबून लहान करणारी आणि पलीकडे पुन्हा उलगडणारी पद्धत, आला होता. 2012 मध्ये प्रमाणित झालेला आणि फुकट. सेकंदाला 96 किलोबिटमध्ये बोलणं इतकं स्वच्छ जातं की माणूस शेजारच्या खोलीत असावा. अजिबात न दाबता, 48 किलोहर्ट्झ 24 बिट स्टिरिओ पाठवायचं तरी सेकंदाला जेमतेम 2.3 मेगाबिट लागतात. म्हणून कुणी गिऱ्हाईक ‘आमच्याकडे शंभर एमबीपीएस आहे’ असं ऐटीत सांगायला लागलं की मी चहा मागवतो. अहो, स्पीड कुणाला हवाय! आवाजाचे तुकडे करून सेकंदाला 50 पाकिटं निघतात, ती तेवढ्याच अंतराने पोचायला हवीत. पोचतात मात्र आपल्या लोकलसारखी, वीस मिनिटं एकही नाही आणि मग तीन पाठोपाठ. म्हणून पलीकडे बफर ठेवायचा, पाकिटं थोडी थांबवून एकसारखी सोडायची. हरवलेलं पाकीट परत मागवायचं नाही. ते येईस्तोवर वाक्य पुढे गेलेलं असतं.

एका ‘टक’ने मात्र आमचे दोन महिने खाल्ले. पुण्याची लाइन चालू असताना मधूनच बारीक टक वाजायचं. केबली बदलल्या, अर्थिंग तपासलं, इलेक्ट्रिशियनशी भांडून झालं. शेवटी कळलं की दोन्हीकडच्या साऊंड कार्डांची घड्याळं किंचित वेगळ्या वेगाने चालतात. फरक दहा लाखांत वीस भागांचा, पण तासाभरात तो 72 मिलिसेकंदांवर जातो. बफर हळूहळू रिकामा होत जायचा आणि संपला की टक. आता आमचं सॉफ्टवेअर पलीकडच्या घड्याळाचा वेग मोजून आवाज केसभर ताणतं किंवा आवळतं. इलेक्ट्रिशियनची माफी मागितली.

2019 चा मे महिना. अंधेरीत दिग्दर्शक, आमच्या बूथमध्ये कलाकार, डबिंग रंगात आलेलं, आणि दोन्ही लाइन एका क्षणी गेल्या. दोन वेगळ्या कंपन्यांच्या, मुद्दाम घेतलेल्या! खाली जाऊन पाहिलं तर पावसाळ्याआधीचं खोदकाम चालू होतं आणि दोघांच्याही केबली एकाच पाइपात. जेसीबीवाला बिचारा माझ्यापेक्षा जास्त घाबरला होता. समुद्रातही फार वेगळं नाही. जानेवारी 2008 मध्ये अलेक्झांड्रियाजवळ केबली तुटल्या, तर इथे मुंबईत नेट रखडलं होतं. त्या मे महिन्यापासून आम्ही दुसरा मार्ग हवेतूनच ठेवतो, मोबाइल सिमवर. तीच पाकिटं दोन्हीकडून सोडायची, जे आधी पोचेल ते घ्यायचं.

लॉकडाऊनमध्ये कलाकार नाशिक-कोल्हापूरला आपापल्या घरी अडकले. आम्ही माइक आणि एक छोटा डबा कुरिअर केला; त्यांनी कपाटात गोधडी लावून बूथ केला. धंदा खरा तेव्हा उभा राहिला.

मला सगळ्यात जास्त अभिमान मात्र एका बैठकीचा आहे. गायिका दादरला, तबलजी पुण्यात. प्रकाशाला फायबरमधून पुण्याला जायला एक मिलिसेकंदही लागत नाही. उशीर होतो तो साऊंड कार्डात, कोडेकमध्ये, बफरमध्ये. ओपस काढून टाकला, बफर खरवडून खरवडून एकूण 25 मिलिसेकंदांवर आणला. तबला आठ-नऊ मीटरवर असता तर हवेतूनही एवढाच वेळ लागला असता. द्रुतच्या चौथ्या आवर्तनात तबलजी लग्गीवर, म्हणजे जलद बोलांवर गेला आणि बाईंनी मान हलवली, समेवर. ते ऐकून एकाने लंडनच्या मुलाची पेटी साथीला मागितली. नाही म्हटलं. सात हजार किलोमीटरच्या वर अंतर. सरळ फायबर टाकली तरी एका बाजूचेच 36 मिलिसेकंद. तिथून ऐका, वाजवू नका.

बाबा संध्याकाळी गाळ्यावर येतात, हेडफोन चढवतात, आधी विचारतात, ‘कुठला माणूस आहे?’ पुण्याचा असला तर साध्या आवाजात बोलतात. नागपूरचा असला की जरा चढवतात. परवा लंडन होतं, तर असे ओरडले की मला फेडर खाली ओढावा लागला.