काट्यावरून खळ्यावर : आमची वाटचाल

आज मी, पत्नी आणि आतेभाऊ मिळून शेतकऱ्यांना भाताचे दर संदेशातून कळवतो आणि त्यांच्या मालाचे सौदे जुळवून देतो. पण गोव्यातल्या आमच्या डिचोली तालुक्यात 2012 पर्यंत कुणालाही 'काय करतोस?' असं विचारलं, की उत्तरात कुठे ना कुठे खाण यायचीच. मी खाणीच्या वजनकाट्यावर होतो. टिपर, म्हणजे खनिजाचा ट्रक, आला की वजन, नमुन्याची पिशवी, चिठ्ठी आणि पुढचा टिपर. खनिजाचा धंदा लांबून नुसता लाल धुळीचा दिसतो, पण पैसे ठरायचे ते दोन आकड्यांवर : लोहाचा टक्का किती आणि ओलावा किती. पाण्याच्या वजनाला कुणी पैसे मोजत नसे, हिशेब सुक्या टनावर. नमुना ढिगाच्या कुठल्या बाजूने उचलला यावरून सज्जन माणसंसुद्धा हमरीतुमरीवर येताना मी पाहिली आहेत.

सप्टेंबर 2012 मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवलं, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. मधल्या काळात काही खाणी पुन्हा हलल्या, पण 2018 मध्ये न्यायालयाने 88 लीजांचं नूतनीकरण रद्द केल्यावर आमच्या घरातल्या कुणीच परत वाट बघितली नाही. आतेभावाने टिपर फुंकून टाकला आणि जुनी पिकअप घेतली. मी वडिलांबरोबर शेतात उतरलो.

भात आमच्याकडे पिढीजात. सरद (पावसाळी) आणि वायंगण (उन्हाळी), दोन्ही पिकं. पण विक्रीच्या वेळी मी घरी कधी नसायचो, त्यामुळे ती पद्धत मला नवीच होती. व्यापारी खळ्यावर यायचा, वरच्या पोत्यात हात घालून मूठभर भात काढायचा, एक दाणा दाताखाली धरायचा आणि दर सांगायचा. वर 'ओलं आहे' म्हणून पोत्यामागे कडता, म्हणजे वजनात कापणी. ओलं म्हणजे किती? ते त्याच्या दातालाच ठाऊक. भाताच्या जातीची चौकशी नाही, कणी किती पडेल याचा हिशेब नाही. ज्या गोष्टींसाठी खाणीवर प्रयोगशाळा होती, त्या इथे एका दाढेवर चालल्या होत्या!

म्हणून आम्ही पहिली खरेदी केली ती ओलावा मोजायच्या यंत्राची. दुसरी वस्तू म्हणजे परखी, पोत्यात खुपसून तळाचा दाणा बाहेर काढायची टोकदार नळी. यंत्र आलं त्या हंगामात लोक गंमत बघायला यायचे. एक काका आधी स्वतः दाणा चावून टक्का सांगायचे आणि मग यंत्र लावायला लावायचे. खरं सांगतो, त्यांचा अंदाज फारसा चुकत नसे. पण व्यापाऱ्याला काकांचा दात मान्य नव्हता, यंत्रावरचा आकडा मान्य करावा लागला.

सरकारी खरेदीच्या निकषात भातातला ओलावा जास्तीत जास्त 17 टक्के चालतो. घरी साठवायचं तर 14 च्या आसपास आणलेलं बरं. आता ऑक्टोबरात यंत्राने कापणी झाली आणि भात 20 टक्क्यांवर आहे असं धरा. असं 100 किलो भात वाळून 14 टक्क्यांवर आलं की 93 किलो उरतं. ओल्याला जागेवर 19 रुपये दर असेल तर 1900 रुपये मिळतात. तेच वाळवून साडेएकवीसने गेलं तर 93 किलोचे 2000 च्या घरात होतात. वरकरणी फरक अडीच रुपये किलोचा, प्रत्यक्षात क्विंटलमागे शंभराचा. त्यातून ताडपत्री, मजुरी आणि परतीच्या पावसाची धास्ती वजा करा. म्हणजे अंगण मोठं असेल आणि घरात माणसं असतील तर वाळवावं, नाहीतर ओलंच विकावं. (हे दर फक्त उदाहरणाचे, रोजचे वेगळे.) काही जणांना आम्ही स्वतःहून 'आजच द्या' असं सांगतो, तेव्हा ते बुचकळ्यात पडतात. बाजारभाव सांगणारा माणूस थांबायचाच सल्ला देणार, अशी लोकांची समजूत असते.

बाजारभाव कुठून मिळतात? केंद्र सरकारचं ॲगमार्कनेट हे संकेतस्थळ 2000 सालापासून आहे. त्यावर बाजार समित्यांची आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण असे तीन दर येतात. शेतकऱ्याची नजर थेट कमाल दरावर जाते. त्या दराने कदाचित दहाच पोती गेलेली असतात. आमच्या संदेशात आम्ही कमाल दर देतच नाही, सर्वसाधारण दर देतो आणि त्यातून भाडं, हमाली, तोलाई वजा करून 'खळ्यावरचा दर' सांगतो. बेळगावचा आकडा ऐकायला गोड लागतो, पण मध्ये चोर्ला घाट आहे. पिकअपभर भात घेऊन घाट चढला तर वाढीव दर डिझेलातच जातो. पूर्ण ट्रक भरला तर मात्र काहीतरी हाताला लागतं. म्हणून मये, पिळगाव, नार्वे या बाजूच्या लहान लहान शेतकऱ्यांचा माल आम्ही जातवार एकत्र करायला लागलो. कुणाचे पाच क्विंटल, कुणाचे बारा. प्रत्येकाची पोती वेगळी मोजायची, पण सौदा एकच करायचा.

जातवार म्हणण्यात सगळी मेख आहे. गोव्यात ज्योती आणि जया या दोन जाती सगळीकडे दिसतात. ज्योतीचा दाणा लाल, मूळची ती केरळच्या पट्टांबीची. उकड्याला (भात उकडून मग भरडलेल्या तांदळाला) आपल्याकडे लाल दाणाच लागतो, पेज पांढरी दिसली की घरात कुरकुर सुरू होते. आता होतं काय, बाहेरून येणारं कापणी यंत्र एका शेजाऱ्याची जया कापून थेट दुसऱ्याच्या ज्योतीत शिरतं. टाकीत राहिलेले पांढरे दाणे लाल भातात मिसळतात आणि उकडे करणारा गिरणीवाला त्यांच्यावर बोट ठेवून दर खाली ढकलतो. आम्ही सगळ्यांना एक सवय लावली : यंत्र शेत बदलून आलं की पहिली दोन पोती बाजूला काढायची आणि घरी खायला ठेवायची. फुकटचा उपाय आहे, पण यंत्रचालक घाईत असतो. त्याच्या मागे लागायला घरातलं कुणीतरी बांधावर उभं हवं.

कणीचंही तसंच. भात कडक उन्हात घाईने वाळलं, किंवा वाळलेलं पुन्हा भिजलं, की दाण्याला आत तडे जातात. सुरय (न उकडलेल्या) तांदळासाठी भरडलं की त्याची कणी होते. उकडल्यावर मात्र दाण्यातलं पीठ शिजून ते तडे बरेचसे सांधले जातात. पावसात सापडलेला माल सुरयवाल्याकडे नेला तर हाडतुड होते, तोच उकडेवाल्याकडे बरा जातो. कुठला माल कुठल्या दारात न्यायचा, ही माहिती कुठल्याही संकेतस्थळावर नसते. ती आम्हाला गिरण्यांच्या पायऱ्या झिजवून मिळाली. आज आमच्या वहीत सगळ्यात मोलाची पानं तीच आहेत.

दिवाळीआधीचे दिवस वेगळे. नरकचतुर्दशीला गोव्यातल्या घरात पोहे हवेतच, दुधातले, दह्यातले, गूळ-खोबऱ्याचे. पोह्यांच्या गिरण्या तेव्हा नव्या भाताच्या शोधात असतात. सरदची कापणी लवकर उरकली असेल तर हे गिऱ्हाईक हातचं सोडू नये. दिवाळी झाली की तोच माणूस फोन उचलत नाही.

खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या) कोरगुटाची गोष्टच न्यारी. खाऱ्या पाण्याला दाद न देणारं हे जुनं भात. जुने गोवे इथल्या आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) संस्थेने त्यातूनच निवड करून गोवा धान 1 आणि 2 काढलं. पण कुठल्याच दरपत्रकात मूळ कोरगुटाचा रकाना नाही. सामान्य भात म्हणून विकलं की सामान्य दर. मग माझ्या पत्नीने म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आणि फोंड्याच्या दुकानांत फिरून गावठी उकडे किलोला काय दराने जातात ते टिपून ठेवायला सुरुवात केली. त्या आकड्यांच्या जोरावर काही घरांनी भात विकणं बंद केलं आणि उकडे करून थेट गिऱ्हाइकाला द्यायला घेतले. भरडाईचा सरकारी हिशेब उकड्याला 68 टक्के उताऱ्याचा आहे, गावच्या गिरणीत तेवढा पडत नाही. तरीही कोरगुटाला हे परवडतं. जयाला परवडेल असं मी म्हणणार नाही.

2023 च्या जुलैत केंद्राने बिगर बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली तेव्हा दिवसभर फोन वाजत होता. एका व्यापाऱ्याने तीच बातमी मोबाइलवर दाखवून वायंगणचं राखून ठेवलेलं भात पडेल भावात मागायला सुरुवात केली होती. आम्ही सगळ्यांना आवाजी संदेश पाठवला : बंदी पांढऱ्या तांदळावर आहे, उकड्यावर नाही; आपला उकडा आपल्याच पेजेत जातो, घाई करू नका. पुढच्याच महिन्यात उकड्याच्या निर्यातीवर 20 टक्के शुल्क बसलं, तेव्हा तेही त्याच दिवशी कळवलं. बातमी लपवून विश्वास टिकत नाही, मग ती आपल्या सल्ल्याला अडचणीची का असेना.

राज्य सरकारच्या आधारभूत किमतीचाही हिशेब असतो. 2023 च्या अर्थसंकल्पात भाताची ही किंमत किलोला 20 वरून 22 रुपये झाली. त्यासाठी कृषी कार्ड हवं, माल ठरलेल्या संस्थेला घालून पावती घ्यायला हवी. कित्येकांचं कार्ड वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर अडकलेलं, त्यात कूळ आणि मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर असलेला) यांचे घोळ. कार्डाचे कागद जुळवून देणं हे आमचं ठरलेलं काम कधीच नव्हतं, पण पावसाळ्यात निम्मा वेळ त्यातच जातो.

आम्ही स्वतः भात विकत घेत नाही आणि गिरणीवाल्याकडून अडत घेत नाही. दराचा संदेश फुकट. सौदा आमच्यामार्फत झाला तरच शेतकऱ्याकडून क्विंटलमागे ठरावीक रक्कम, दर चढो वा उतरो. टक्केवारी ठेवा, जास्त सुटेल, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. पण टक्केवारी आली की ओलं भातही 'थांबा थांबा' म्हणत कुजवण्याचा मोह होतो. या पैशात माझा, पत्नीचा आणि पिकअपचा खर्च भागतो. उन्हाळ्यात आतेभाऊ काजूच्या फेऱ्या मारतो म्हणून वर्ष निघतं. वाळवणी यंत्र घ्यायचं डोक्यात आहे, त्याचे दर मागवलेत.

सरदच्या हंगामात नमुना घेऊन येणाऱ्यांनी एवढं करावं : वरच्या पोत्यातलं निवडक भात आणू नये. पाच-सहा पोत्यांच्या तळातून, मधून थोडं थोडं काढून अर्धा किलो भरावं, प्लॅस्टिकच्या पिशवीला घट्ट गाठ मारावी, म्हणजे वाटेत ओलावा उडणार नाही. पिशवीवर जात, शेताचं नाव आणि कापणीचा दिवस लिहावा. सकाळी नऊच्या आधी आलात तर दुपारच्या संदेशात तुमच्या मालाचा दर बसतो.