फ्रीजवर लावलेला माझाच डाएट चार्ट

मागच्या श्रावणातली गोष्ट. सोमवार होता, सकाळपासून पावसाची रिपरिप चालू होती आणि साडेदहाच्या सुमारास एका काकूंचा फोन आला, "मॅडम, सुनेला दूध पुरत नाहीये, बाळ सारखं रडतंय, दूध वाढायला काहीतरी सांगा." मी डाएटिशियन आहे, पंधरा वर्षं झाली, त्यातलं निम्म्याहून जास्त काम बाळंतिणींचंच, त्यामुळे असे फोन आठवड्याला चार-पाच तरी येतातच आणि खरं सांगायचं तर बरेचदा मी फोनवरच उरकते. त्या दिवशी मी सहज म्हटलं, काकू, जरा सुनेकडे फोन द्या ना. तर त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ती आजकाल बोलतच नाही हो फारशी." हे ऐकून मी दुपारच्या दोन अपॉइंटमेंट पुढे ढकलल्या आणि गाडी काढून पुण्यातल्या धायरीला गेले.

ही मुलगी मला आठवत होती. सात आठवड्यांपूर्वी डिस्चार्जच्या दिवशी तिला भेटले होते, सिझेरियन झालेलं, रक्तस्राव बराच झाला होता, हिमोग्लोबिन ८.६ वर आलेलं. पहिलं बाळंतपण, पण आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यामुळे माहेरी जाता आलं नव्हतं. दहा मिनिटं बोलले असेन मी तेव्हा, हातात एक छापील डाएट चार्ट दिला आणि पुढच्या खोलीत गेले.

घरात शिरल्या शिरल्या ओवा-वेखंडाच्या धुरीचा वास. आतल्या खोलीत पडदे ओढलेले, ती पलंगाला टेकून बसलेली, मांडीवर बाळ झोपलेलं. शेजारच्या टेबलावर चहाचा कप होता, त्यावर जाड साय धरलेली, म्हणजे सकाळपासून तसाच पडलेला. मी बाजूला बसले आणि नेहमी विचारते तेच विचारलं, काल दिवसभरात काय काय खाल्लंस? आमच्या कामात हा अगदी पहिला प्रश्न असतो, चोवीस तासांचं खाणं आठवून सांगायचं.

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "आठवत नाही मॅडम." दुपारी जेवलीस का? "बहुतेक." काय होतं? "...भात असेल." मग मी बाळाचं विचारलं तर तिने मोबाईल पुढे केला, त्यात एका ॲपमध्ये सगळं लिहिलेलं, ३:१० डावी बाजू १८ मिनिटं, ४:५५ उजवी बाजू, शू, शी, परत शू, सात आठवड्यांतला एकही दिवस सुटलेला नाही. बाळाचं मिनिटामिनिटाचं माहीत आणि स्वतः काल जेवली की नाही हे सांगता येत नाही! मी तो फोन हातात धरून बसले, काय बोलावं मला सुचेना.

आणि गंमत म्हणजे दूध कमी नव्हतंच. लसीकरणाच्या कार्डावर बघितलं, जन्माचं वजन २.७ किलो, सहा आठवड्यांच्या लसीला गेले तेव्हा ४.१. दिवसाला सात-आठ वेळा शू. बाळ छान वाढत होतं, संध्याकाळी रडतं तसं बहुतेक बाळं रडतात. पण घरात येणारं जाणारं प्रत्येक माणूस पहिलं तेच विचारायचं, दूध येतंय ना व्यवस्थित?

पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेले तर फ्रीजवर मॅग्नेटखाली माझा चार्ट. सकाळी सहापासून रात्री साडेनऊपर्यंत सात वेळचं खाणं, भिजवलेले बदाम, नाचणीची खीर, अमुक वाटी, तमुक चमचा, वर तिचं नाव माझ्याच अक्षरात. ती मागून आली होती, दाराच्या चौकटीला धरून उभी. म्हणाली, "रोज तो बघते. त्यातलं एकही मला जमत नाही. वाटतं, साधं खायचंसुद्धा मला जमत नाही तर मी याला काय वाढवणार."

ते वाक्य मला अजून लागतं. ज्या बाईला सलग दोन तास झोप नाही तिच्या हातात मी सात ओळींचं टाइमटेबल दिलं होतं, आणि ते पाळायला घरात कोण आहे, पोळ्या कोण करतं, जेवताना बाळ कोण धरतं, यातलं काहीच विचारलं नव्हतं.

काकूंबद्दल गैरसमज नको. त्या बिचाऱ्या पहाटे पाचपासून उभ्या होत्या, त्यांचा सोमवार, संध्याकाळपर्यंत पोटात फक्त चहा. त्यांनी कपाटातून डबा काढून दाखवला, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, साठ केलेले, वरची चळत अख्खी तशीच. मी एक फोडून बघितला तर खोबरं खवट झालेलं. "खातच नाही हो, मी रोज सांगते खा गं खा, दूध येईल." डाळ बंद होती कारण बाळाला गॅस होतात, फळं बंद कारण सर्दी होते, दही-ताक बंद कारण बाधतं, तिखट तर नाहीच. म्हणजे घरचे सगळे शुद्ध शाकाहारी आणि त्यातही उरलं काय, तर तूप-मेतकूट-मऊभात आणि चहा. लोहाच्या गोळ्या तिने दहा दिवसांत सोडल्या होत्या, पोट साफ होत नव्हतं म्हणून. त्या खरं तर बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायच्या असतात, सरकारच्या ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमातसुद्धा तसंच आहे, ६० मिलिग्रॅम लोह रोज, पण डिस्चार्जच्या गडबडीत हे कुणी नीट बसून सांगत नाही.

पहिले सहा महिने अंगावर पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात, प्रोटीन साधारण १७ ग्रॅम जास्त. नाही मिळालं तर शरीर बाळाचं दूध सहसा थांबवत नाही, आईच्या साठ्यातून काढून देतं, हाडांतलं कॅल्शियमसुद्धा. बी १२ या जीवनसत्त्वाचं मात्र तसं नाही, आईत कमी असेल तर दुधातही कमी उतरतं. आणि हे आपल्या पुण्याला नवीन नाही, केईएम हॉस्पिटलच्या रिसर्च सेंटरमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला, त्यात जवळजवळ दोन तृतीयांश बायकांचं बी १२ कमी निघालं होतं. लोह आणि बी १२ दोन्ही मेंदूच्या कामाला लागतात, ते कमी असलं की थकवा, चिडचिड, लक्ष न लागणं, रडू येणं, सगळं वाढतं, आणि घरचे म्हणतात बाई आळशी झाली किंवा नाटकं करते.

पण सगळंच रक्तातलं नसतं, ही गोष्ट मला त्या दिवशी सांभाळायची होती. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येतं ते बहुतेकींचं दोन आठवड्यांत निवळतं. इथे सात आठवडे झाले होते. माझ्या बॅगेत एडिंबरा स्केलचा मराठी कागद असतो, बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला, दहा प्रश्नांचा, तो मी काकूंना बाळ घेऊन बाहेर बसायला सांगून तिच्यासोबत भरला. तिसपैकी १९ आले, म्हणजे जास्तच. दहावा प्रश्न असतो स्वतःला इजा करण्याचा विचार मनात येतो का, आणि तिने पेन "कधीकधी"वर ठेवलं, वर न बघता. मग म्हणाली, "गॅलरीत कपडे वाळत घालायला मी जात नाही आता."

त्यानंतरचा तासभर फक्त फोन. तिच्या गायनॅकना लावला, त्यांनी त्याच संध्याकाळी मानसोपचारतज्ज्ञांची वेळ मिळवून दिली, नवऱ्याला हिंजवडीहून बोलावून घेतलं, तो येईपर्यंत मी हलले नाही. गॅलरीच्या दाराला कुलूप लावलं. (१४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर मी आता प्रत्येक बाळंतिणीच्या फाइलवर स्वतः लिहिते, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.)

काकू हादरल्या होत्या. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "म्हणजे माझ्या लाडवांचा काही उपयोग नाही का?" मला इतकं वाईट वाटलं. मी म्हटलं, काकू, खूप उपयोग आहे, लाडवाने हा आजार बरा होणार नाही, त्याला डॉक्टरच हवेत, पण रिकाम्या पोटी औषधालाही जोर येत नाही. फक्त दूध येईल म्हणून खा असं म्हणू नका, तुला भूक लागली असेल म्हणून खा असं म्हणा. आणि डब्यातला घे असं सांगू नका, तिच्या हातात द्या.

चार्ट मी फ्रीजवरून काढून पर्समध्ये टाकला. त्याऐवजी एकच गोष्ट ठरवली, बाळ अंगावर लागलं की घरात जो असेल त्याने तिच्या मोकळ्या हातात काहीतरी ठेवायचं, एका हाताने खाता येईल असं, तूप-गुळाच्या पोळीची गुंडाळी, ताजा केलेला लाडू, केळं, थालीपिठाचे तुकडे, आणि सोबत पाणी. दिवसात आठ वेळा बाळ पितं म्हणजे आठ वेळा आई खाते, लक्षात ठेवायला तिला काहीच नाही. मुगाच्या डाळीचं वरण त्याच रात्रीपासून सुरू, वर लिंबू पिळून, दही-ताक सुरू. चहा आणि लोहाची गोळी यात तासाभराचं अंतर, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. रात्रीचं एक पाजणं तिने आधी काढून ठेवलेल्या दुधावर नवऱ्याने सांभाळायचं म्हणजे तिला सलग चार-पाच तास मिळतील, कारण झोप नाही तर कुठलंच खाणं पुरं पडत नाही.

रिपोर्ट आले, हिमोग्लोबिन ८.९, बी १२ १४८, म्हणजे कमीच. थायरॉईड नॉर्मल, तेही बघावंच लागतं कारण बाळंतपणानंतर थायरॉईड बिघडलं तरी असंच दिसतं. लोह शिरेतून दिलं, बी १२ ची इंजेक्शनं सुरू झाली, मानसोपचारतज्ज्ञांनी पाजताना चालणारं औषध दिलं आणि दर आठवड्याला बोलायला बोलावलं. लगेच काही झालं नाही. पहिले पंधरा दिवस मी गेले की ती तशीच बसलेली असायची, फक्त हातातली पोळी संपलेली असायची, आणि मी तेवढंच वहीत लिहून यायचे.

सहाव्या आठवड्यात गेले तेव्हा गणपती होऊन गेले होते. पडदे उघडे, बाळ आजीच्या पायावर तेल लावून घेत होतं, आणि ती स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसली होती. मी नेहमीचं विचारायच्या आधी तीच म्हणाली, "आई, आज भाकरीबरोबर ठेचा करूया का? मला खूप दिवसांपासून तिखट खावंसं वाटतंय."

काकूंनी मालीश थांबवून माझ्याकडे बघितलं, विचारावं तसं.

मी म्हटलं, दाणे जरा जास्त घाला, आणि मलाही वाढा.