गॉलच्या किल्ल्यातलं छोटं हॉटेल, आणि दुपारचे बारा ते चार

उष्ण, दमट गावातलं हॉटेल चांगलं की वाईट हे मी आता एकाच गोष्टीवरून ठरवते, दुपारी बारा ते चार तुम्ही तिथे कुठे बसता. सकाळ-संध्याकाळ सगळीकडेच छान असते हो, समुद्र असतो, वारा असतो, फोटोही चांगले येतात. पण दुपारी दारं-खिडक्या लावून एसी सोळावर करून पलंगावर पडण्याशिवाय काहीच करता येत नसेल तर ती रूम ठाण्यात घेतली काय नि समुद्रकिनारी घेतली काय, सारखंच. माझं हे मत पक्कं झालं श्रीलंकेत, गॉलच्या किल्ल्यातल्या एका लहानशा हॉटेलात. आई आणि मी गेलो होतो.

गॉल आपल्याला माहीत असतं ते क्रिकेटमुळे. 2010 मध्ये मुरलीधरनने प्रज्ञान ओझाला आउट करून टेस्टमधली 800वी विकेट घेतली ते हेच ग्राउंड, आणि टीव्हीवर मागे जी तटबंदी दिसते ना, जिच्यावर उभं राहून लोक फुकटात मॅच बघतात, तिच्या आत अख्खं गाव वसलेलं आहे. पोर्तुगीजांनी सुरुवात केली, 1640 मध्ये डचांनी घेतलं आणि खरा किल्ला बांधला तो त्यांनी, मग 1796 मध्ये इंग्रज आले. 1988 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. पण मला आवडलं ते हे की आत माणसं राहतात, शाळा आहे, कोर्ट आहे, मशीद, चर्च, बौद्ध विहार सगळं चालत पाच-दहा मिनिटांच्या अंतरात, आणि संध्याकाळी तटावर पोरं पतंग उडवत असतात. 2004 च्या सुनामीत बाहेरचं बसस्टँड आणि ग्राउंड उद्ध्वस्त झालं, पण या जाड तटामुळे आतलं गाव बरंचसं वाचलं.

तर हॉटेल म्हणजे डचांच्या काळातलं जुनं घर. अशी घरं किल्ल्यात बरीच आहेत आणि त्यातल्या कितीतरी घरांची आता पाच-सहा रूम्सची हॉटेलं झालीत, त्यामुळे नावापेक्षा घर कसं असतं तेच सांगते. रस्त्यावरून बघाल तर काहीच वाटत नाही, अरुंद दर्शनी भाग, खांबांची पडवी, तिथे वेताच्या दोन आरामखुर्च्या, बस. दारातून आत गेलं की घर लांबच लांब मागे जातं आणि मधोमध उघडा चौक. त्याला तिकडे मेद मिदुल म्हणतात. चौकात एक चाफा, कुंड्या, आणि चारी बाजूंनी सोपा, सोप्याला लागून रूम्स. भिंती दीड-दोन फूट जाड, पोवळ्याचा दगड आणि जांभा, वरून चुना. हो, जांभाच, आपल्या कोकणातला, तिकडे कबोक म्हणतात. छप्पर नळ्यांच्या कौलांचं, इतकं उंच की पंखा लांब दांडीवर लोंबत असतो.

आईचं बालपण वेंगुर्ल्याजवळच्या चिऱ्याच्या घरात गेलं. ती चौकात शिरली, चप्पल काढली, फरशीवर पाय ठेवला आणि म्हणाली, "अगं, गार आहे." मग खुर्ची सावलीत ओढून जी बसली ती चहाच मागवला. मी लायटहाऊस बघायला चल म्हणत होते, ती म्हणाली तू जाऊन ये, मी इथेच आहे.

दुपारी तिथे काय होतं ते मी नीट बघितलं, कारण मलाही मग उठावंसं वाटेना. बाराच्या सुमाराला ऊन चौकाच्या मध्यावर पडतं पण सोप्याची कौलं इतकी खाली उतरलेली असतात की खुर्चीपर्यंत पोचतच नाही. चौकातली तापलेली हवा वर निघून जाते आणि तिच्या जागी पडवीकडून, रस्त्याच्या सावलीतली हवा आत ओढली जाते, म्हणजे वारा पडलेला असला तरी अंगावर हलकी झुळूक चालूच. भिंती इतक्या जाड की सकाळचा गारवा दुपारपर्यंत धरून ठेवतात. एकदा भर दोनला लाइट गेली. रूममधला एसी बंद पडला हे आम्हाला कळलं ते मॅनेजर सांगायला आला तेव्हा! त्याने मग 2022 चं सांगितलं. तेव्हा देशाकडे इंधन घ्यायला डॉलर उरले नव्हते, मार्चच्या शेवटी तर दिवसाला तेरा तास लाइट नसायची, टुरिस्ट नव्हते, गॅस नव्हता, चुलीवर स्वयंपाक चालायचा. स्टाफमधले एक-दोघे त्या दिवसांत रात्री आपल्या सिमेंटच्या घरात झोपायचं सोडून इथे सोप्यात चटई टाकून झोपायचे. हे ऐकून मला त्या घराबद्दल जे वाटलं ते कुठल्याही लक्झरी हॉटेलबद्दल कधी वाटलेलं नाही.

याच ट्रिपमध्ये आधी आम्ही एका नव्या कोऱ्या बीच हॉटेलात राहिलो होतो, समुद्राकडे पश्चिमेला अख्खी काचेची भिंत. व्ह्यू जबरदस्त, पण तीननंतर जाड पडदे लावून अंधारात बसायचं. पैसे व्ह्यूचे आणि बघायचा पडदा, आई वैतागली होती.

जेवणाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. स्वयंपाक करणाऱ्या बाईंना सगळे अक्का म्हणायचे म्हणून आम्हीही अक्काच म्हणायला लागलो. स्वयंपाकघर चौकाच्या मागच्या अंगाला, आणि सकाळी सहाला तिथून नारळ खवण्याचा आवाज सुरू व्हायचा. लाल तांदळाच्या पिठाच्या शेवया सोऱ्याने वेताच्या छोट्या छोट्या चकत्यांवर पाडायच्या, गोल गोल फिरवत, मग चकत्या एकावर एक रचून वाफवायच्या. इंदी आप्प. सोबत परिप्पू म्हणजे नारळाच्या दुधातली मसूर डाळ, किरी होदी म्हणून पातळ पिवळी कढीसारखी करी, आणि पोल संबोल. ते संबोल अक्का पाट्यावर करायच्या, आधी सुकी लाल मिरची, मीठ आणि सुकवलेल्या माशाचा चुरा वरवंट्याने रगडायचा, मग छोटे लाल कांदे, मग ओलं खोबरं घालून खोबरं केशरी होईपर्यंत, शेवटी हाताने लिंबू पिळायचं. मिक्सर शेजारीच होता, पण मिक्सरमध्ये खोबऱ्याचा लगदा होतो म्हणाल्या. आईने त्यांना खुणा करून करून आपले शिरवाळे समजावले, की आम्ही हेच गुळ-वेलची घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खातो. दुसऱ्या दिवशी अक्कांनी शेवयांसोबत वाटीभर नारळाचं दूध आणि कितुलची काकवी आणून ठेवली. कितुल म्हणजे आपला भेरली माड, त्याच्या रसाची ती काकवी. आई ती वाटी संपेपर्यंत एक शब्द बोलली नाही.

दुपारी अंबुल थियल मिळालं, ट्यूना गोरका घालून आटवलेला, गोरका हा आपल्या कोकमाचाच भाऊबंद. मातीच्या मडक्यातलं म्हशीचं दहीही खा, यावर जास्त लिहीत नाही, फक्त खा.

जेफ्री बावाचं नाव या भागात सारखं कानावर पडतं आणि ते उगाच नाही. हा श्रीलंकेचा मोठा आर्किटेक्ट, 1919 ते 2003. काँक्रीट वापरणारा आधुनिक माणूस, पण 1960 च्या सुमाराला कोलंबोत एना डी सिल्वा यांच्यासाठी जे घर बांधलं ते याच जुन्या चौकाभोवती. पुढे ती जागा विकली गेली तेव्हा ते घर पाडून टाकलं नाही, भाग सुटे करून, नंबर टाकून बेंतोटाजवळ लुनुगंगाला नेलं आणि परत उभं केलं. लुनुगंगा म्हणजे बावाने 1948 मध्ये घेतलेली बाग, तिथेही आता राहता येतं. एका घरासाठी लोकांनी एवढं केलं, हे वाचल्यापासून मला आपल्याकडचं बघवत नाही. दापोली, गुहागर, मालवण, कुठेही जा, चिऱ्याचं, पडवी-ओटी-माजघरवालं घर पाडून तिथे स्लॅबच्या चार खोल्या, वर पत्र्याची शेड, दर्शनी भागाला चकचकीत टाइल्स आणि बाहेर बोर्ड होमस्टे, एसी रूम्स. मालकांना मी नावं ठेवत नाही. दर पावसाळ्याआधी घर शाकारायला माणसं मिळत नाहीत, माकडं कौलं फोडतात, लाकडाला वाळवी लागते, आणि येणारा पाहुणा फोनवर पहिला प्रश्न एसी आहे का हाच विचारतो. म्हणजे पाहुण्यांनीच प्रश्न बदलायला हवा, आपण सगळ्यांनी. गॉलच्या त्या हॉटेलात मॅनेजर म्हणाला की चुना आणि कौलांवरचा खर्च दरवर्षी असतोच, पण लोक त्या चौकासाठीच येतात, तर तो खर्च निघतो. मग आपल्याकडे का नाही निघणार? एखाद्याने माजघर तसंच ठेवून, मागे नीट बाथरूम बांधून, दुपारी पडवीत पाहुण्याला कोकम सरबत दिलं तर मी त्याला गॉलएवढे पैसे आनंदाने देईन, आणि माझ्या ओळखीतल्या दहा जणांना पाठवीन.

जायचं असेल तर डिसेंबर ते मार्च चांगलं, मे ते सप्टेंबर त्या किनाऱ्यावर नैऋत्य मोसमी पाऊस असतो. कोलंबो फोर्ट स्टेशनवरून ट्रेनने जा, उजव्या बाजूची खिडकी धरा, बराच वेळ रूळ समुद्राला अगदी चिकटून जातात. बुकिंग करताना रस्त्याकडची नको, चौकाकडची रूम द्या असं स्पष्ट सांगा, दार सोप्यात उघडतं का ते विचारा, आणि संध्याकाळी जेवायचं असेल तर सकाळीच सांगून ठेवा, कारण अक्का मासळी दिवसाची दिवसालाच आणतात.