डेकखालचा पॉसम

न्यू जर्सीत परसात भाजी लावली की ती फक्त घरच्यांची राहत नाही. आमचं घर हिल्सबरोत आहे. मागे झाडी, तिच्यापलीकडे सोअरलँडची डोंगररांग. मेच्या मध्यावर गोठणाऱ्या दहिवराची भीती संपली की मी वालपापडी, भेंडी, दुधी, कारली आणि आळू लावते. वालाला चार पानं फुटतात न फुटतात तोच ग्राउंडहॉग, म्हणजे बिळात राहणारा इथला एक गुबगुबीत प्राणी, भर दिवसा येऊन शेंडे खुडून जातो. कोथिंबिरीवर ससे येतात. हरणं उतरतात तिन्हीसांजेला, आणि आठ फुटी कुंपण असल्याशिवाय ती अडत नाहीत. कारल्याच्या वेलाला आणि आळूला मात्र आमच्याकडे आजवर कोणी तोंड लावलेलं नाही, त्यामुळे गणपतीत अळूवड्या नक्की होतात.

वालाभोवती मी बारीक जाळी लावली आहे. तिचा खालचा फूटभर भाग बाहेरच्या अंगाला वळवून मातीत पुरला आहे, कारण ग्राउंडहॉग खणत खणत आत शिरतो. जाळीच्या आतलं आमचं, बाहेरचं त्यांचं. ही वाटणी मला मान्य आहे.

पण या सगळ्यांत माझा जीव जडलाय तो पॉसमवर. इंग्रजीत लिहिताना ओपॉसम लिहितात, बोलताना सगळे पॉसमच म्हणतात. तो रात्री येतो. गळून फुटलेले टोमॅटो, गोगलगायी, किडे, कंपोस्टच्या ढिगाकडेला पडलेलं काहीबाही खातो आणि उजाडायच्या आत नाहीसा होतो. दिसायला तो देखणा नाही हे खरं. पांढुरकं निमुळतं तोंड, काळे पातळ कान, बिनकेसांची लांब शेपटी. इथल्या हिवाळ्यात त्या उघड्या कानांना आणि शेपटीला हिमदंश होतो, म्हणून पुष्कळ पॉसमच्या कानांच्या कडा झडलेल्या दिसतात. मार्चमध्ये असा एखादा झडक्या कानांचा पॉसम दिसला की मला बरं वाटतं. हिवाळा काढला बिचाऱ्याने.

मध्यंतरी एडिसनहून मैत्रिणीचा फोन आला. इथे घरामागच्या लाकडी ओट्याला डेक म्हणतात. "अगं, आमच्या डेकखाली मांजराएवढा उंदीर शिरलाय. दात बघितलेस तर घाबरशील. प्राणी पकडणाऱ्या ट्रॅपरला बोलावू का?"

मी म्हटलं, काही करू नकोस. कचऱ्याचं झाकण घट्ट लाव, मांजराचं खाणं रात्री बाहेर ठेवू नकोस आणि थोडे दिवस थांब. पॉसम एका जागी फार काळ राहत नाही, बिळं बदलत फिरतो. तसंच झालं, तो आपणहून गेला. ट्रॅपर आला असता तर पैसे गेले असते आणि बहुधा त्या प्राण्याचा जीवही. पकडून लांब नेऊन सोडायला अनेक राज्यांत बंदी आहे, आणि सोडला तरी अनोळखी जागेत खाणं आणि आसरा शोधणं त्याला कठीण जातं.

आणि तो उंदीर नव्हे. कांगारूसारखा पिशवीवाला प्राणी आहे, मेक्सिकोच्या उत्तरेला मूळचा असा एवढाच. गर्भ पोटात राहतो जेमतेम 12-13 दिवस. जन्मलेलं पिल्लू मधमाशीएवढं असतं, डोळे मिटलेले, आणि तशा अवस्थेत ते आईच्या केसांतून सरपटत स्वतः पिशवीपर्यंत पोचतं. आईला सड साधारण 13 असतात. पिल्लं त्याहून जास्त होतात, आणि ज्याला सड मिळत नाही ते जगत नाही. ज्याला मिळतो ते पुढचे दोनेक महिने तिथंच चिकटून वाढतं. मग ती पिशवीतून निघून आईच्या पाठीवर बसतात. एकदा जूनच्या रात्री अशी पाठीवर पिल्लं घेतलेली मादी आमच्या कुंपणावरून सावकाश गेली. आम्ही दिवे बंद करून खिडकीशी उभे होतो. मुलगा कॉलेजात जाणारा, पण तोही श्वास रोखून बघत होता.

दात म्हणाल तर 50 असतात, उत्तर अमेरिकेतल्या जमिनीवरच्या कुठल्याही सस्तन प्राण्यापेक्षा जास्त. तो जबडा वासून फिसकारतो ते घाबरून. चावणं हा त्याचा शेवटचा उपाय असतो, आणि बहुतेकदा तिथवर जाण्याआधीच तो कोसळतो.

हे कोसळणं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. शेजारच्यांचा कुत्रा पट्टा सोडवून आमच्याकडे आला आणि त्याने शेडपाशी पॉसमला गाठलं. आधी फिसकारणं झालं, मग पॉसम एका कुशीवर पडला. तोंड उघडं, जीभ बाहेर, लाळ गळतेय, मागून हिरवट घाण द्रव आलेला आणि त्याला सडक्या मांसासारखी दुर्गंधी. कुत्र्याने हुंगलं आणि मागे सरला. शेजारीणबाईंना तर रडूच आलं, आपल्या कुत्र्याने जीव घेतला म्हणून. मी त्यांना सांगितलं, कुत्र्याला आत न्या आणि याला हात लावू नका. हे सोंग तो ठरवून घेत नाही, ते त्याच्या हातात नसतं. भीतीने शरीरच तसं होतं, श्वास आणि हृदयाचे ठोके मंदावतात, आणि हे काही मिनिटं चालेल की काही तास हेही त्याला ठरवता येत नाही. आम्ही दोघी त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत राहिलो. बऱ्याच वेळाने आधी कान हलले, मग डोकं उचललं गेलं, मग तो उठून झाडीत गेला. त्या दिवसापासून शेजारीणबाई रात्री कुत्र्याला सोडायच्या आधी डेकवरचा दिवा लावून दोन मिनिटं थांबतात.

रेबीजची भीती सगळेच घालतात. पॉसमला रेबीज क्वचितच होतो. त्याच्या शरीराचं तापमान इतर सस्तन प्राण्यांपेक्षा कमी असतं, हे त्याचं कारण मानलं जातं. आमच्या पूर्व किनाऱ्यावर जपायचं ते रकूनपासून, डोळ्यांभोवती काळा पट्टा असलेल्या त्या प्राण्यापासून. रकून दिवसा झोकांड्या खात फिरताना दिसला तर मुलांना आत घ्यावं आणि टाउनशिपला कळवावं.

आता गोचिडींबद्दल, कारण या भागात हा विषय कोणाला टळत नाही. आमच्या घरात एकाला लाइम, म्हणजे गोचीड चावून होणारा आजार, होऊन गेला आहे. दंडावर गोल चकंदळ, ताप, सांधे धरलेले, मग डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक. त्यामुळे 'एक पॉसम एका मोसमात पाच हजार गोचिडी खातो' हे वाक्य असलेलं चित्र फोनवर आलं तेव्हा मीही आनंदले होते. तो आकडा 2009 सालच्या एका अभ्यासातून पसरला. पिंजऱ्यातल्या प्राण्यांच्या अंगावर गोचिडीची पिल्लं सोडली, आणि जी परत सापडली नाहीत ती खाल्ली गेली असं धरलं. 2021 साली दुसऱ्या संशोधकांनी इलिनॉयमधल्या 32 पॉसमच्या जठरातलं अन्न तपासलं. त्यात एकही गोचीड नव्हती.

हे मी मैत्रिणींना सांगते तेव्हा काहींचा विरस होतो. मग त्याचा उपयोग काय, असं विचारतात. मला हा प्रश्नच पटत नाही. कामाचा ठरला तरच त्याला परसात जागा, असं का? तो इथला आहे, आपण कालपरवा आलो.

माझं माहेर गुहागरजवळचं. माळ्यावर उदमांजर असायचं. रात्री खुडबुड झाली की अण्णा म्हणायचे, "तो त्याच्या वाटेने चाललाय, झोपा." पिकलेले चिकू आणि फणस तो खायचाच. मात्र हेही लिहायला हवं की आज तिथे वानर आणि रानडुकरं हातची पिकं नेतात, आणि ज्याचं वर्ष त्या बागेवर अवलंबून आहे त्याला मी इथून धीर धरायला सांगू शकत नाही. माझी वालपापडी गेली तर मी पटेलांच्या दुकानातून आणते. म्हणूनच इथे, आपल्या हौसेच्या बागेत, थोडं सोसायला काय हरकत आहे?

शेवटी एक कामाचं. वसंतात रूट 206 च्या कडेला मेलेले पॉसम दिसतात. गाडी सुरक्षित थांबवता येत असेल तरच थांबा, हातमोजे घाला आणि मादी असेल तर पिशवी बघा. आई मेल्यावरही आत पिल्लं जिवंत असू शकतात. आम्हाला तशी सापडली होती. सडाला घट्ट चिकटलेली पिल्लं ओढून काढायची नाहीत, त्यांच्या तोंडाला इजा होते. आईसकट खोक्यात ठेवायचं, टॉवेलने ऊब द्यायची, दूध किंवा पाणी अजिबात द्यायचं नाही आणि परवाना असलेल्या वन्यजीव पुनर्वसकाला फोन करायचा. त्यांची यादी राज्याच्या वन्यजीव खात्याच्या संकेतस्थळावर असते. परवान्याशिवाय घरी पाळणं बेकायदा आहे आणि पिल्लं त्याने जगतही नाहीत. आम्ही खोकं नेऊन दिलं तेव्हा त्या बाईंनी आणखी एक सांगितलं. शेपटी सोडून सात इंचांहून मोठं पिल्लू एकटं फिरताना दिसलं तर ते हरवलेलं नसतं. त्या वयात ते आपलं पोट आपण भरू लागतं. त्याला उचलू नका.