पुन्हा 'ओरिजिनल' केलेली बाईक ओळखताना

जुन्या बाईकमध्ये फेरफार केले असतील तर कर्कश सायलेन्सर, कापलेला मडगार्ड हे कुणालाही दिसतं. खरी पंचाईत होते ती विकण्याआधी पुन्हा स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशी, केलेल्या गाडीची. मालक बाजूला ठेवलेला सायलेन्सर परत चढवतो, आरसे लावतो. पण जेट (कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा भोकाचा छोटा भाग), स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), वायरिंग यांच्या वाटेला सहसा जात नाही. म्हणून तपासणी तिथूनच सुरू करायची. हाताशी त्याच मॉडेलचं, त्याच वर्षाचं मॅन्युअल हवं.

आधी सीट काढा. कंपनीच्या वायरी खटक्याने बसणाऱ्या कनेक्टरने जोडलेल्या असतात. दोन वायरी पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेली दिसली, की तिथे जादा दिवा, हॉर्न किंवा अलार्म होता असं धरून चाला. फ्यूजही बघा. 10 अँपिअरच्या जागी 20 चा बसवला असेल तर आधीचा वारंवार उडत असणार, आणि दोष शोधायचा कंटाळा केला गेला. आता फ्यूजच्या आधी वायर जळेल.

स्प्रॉकेटचे दाते मोजायला पाच मिनिटं पुरतात; पुष्कळदा आकडा स्प्रॉकेटवरच कोरलेला असतो. समजा मॅन्युअलमध्ये पुढे 15, मागे 42 आहे, म्हणजे गुणोत्तर 42 भागिले 15, 2.8. पुढचं 14 चं निघालं तर गुणोत्तर 3.0 होतं. पिकअप सुधारतो, पण त्याच वेगाला इंजिन सुमारे 7 टक्के जास्त फिरतं. स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालत असेल तर तोही तेवढाच फुगतो, आणि किलोमीटरही जास्त पडतात. पुढच्या चाकावरून चालणाऱ्या मीटरला याचं काही नाही. तिथे टायरचा साईझ बघा.

कार्बोरेटरच्या खालच्या वाटीचे स्क्रू चेपलेले असतील तर आत कुणीतरी हात घातलाय. मेन जेटवरचा आकडा मॅन्युअलपेक्षा मोठा निघाला, की मोकळा सायलेन्सर किंवा उघडा एअर फिल्टर लावलेला असणार. आता सायलेन्सर परत जुना, जेट मात्र मोठाच: पेट्रोल जास्त जातं, स्पार्क प्लगवर कोरडी काळी काजळी धरते, ॲव्हरेज पडतं. एक प्लग काढून बघितला तरी अंदाज येतो. (चोंदलेल्या एअर फिल्टरनेही प्लग काळा होतो, त्यामुळे तोही उघडा.) कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन असलेल्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर जागेवर आहे की भोकात नुसता बोल्ट ठोकलाय, ते तपासा.

पुढच्या फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या) नळ्या हँडलजवळच्या वरच्या क्लॅम्पमधून किती वर आल्यात ते मोजा. नळीवर क्लॅम्पपासून थोड्या अंतरावर चकचकीत कडं किंवा ओरखडा दिसला तर उंची कधीतरी बदललेली आहे. मग साईड स्टँडवर लावून बघा. अशी उंची कमी केलेली गाडी मूळ स्टँडवर जवळजवळ सरळ उभी राहते, जरा धक्का लागला की पलीकडे आडवी. उलट, उंची पूर्ववत केली पण स्टँड कापलेलाच राहिला, तर गाडी भलतीच कलते.

शेवटी सीटखालची चौकट. ब्रॅकेट कापल्याची कड खडबडीत असते, आणि वरचा रंग बाकीच्या चौकटीपेक्षा निराळा चमकतो. मडगार्डचं ब्रॅकेट गेलं असेल तर भाव पाडून घेता येईल. पण चॅसी नंबराच्या आसपास ग्राइंडरच्या रेघा किंवा नवा रंग दिसला तर गाडी तिथेच सोडा.