स्कोर शंभर टक्के आणि बाई फ्रान्समध्ये

आमचं काम म्हणजे जुन्या इंग्रजी मासिकांच्या स्कॅनमधली नावं नकाशाशी नाहीतर व्यक्तींच्या यादीशी जोडणं. जोडतं टूल, तपासतो आम्ही. तपासतो म्हणजे कमी स्कोरवाल्या, टूलला स्वतःलाच खात्री नसलेल्या जोड्याच आमच्या रांगेत येतात, बाकी सगळं डोळे झाकून पास.

परवा सहज नकाशा उघडला तर एका लेखाचे ठिपके आयर्लंडमध्ये, टारा, लाँगफर्डची आर्डा टेकडी, आणि एकच पठ्ठा थेट ईशान्य फ्रान्समध्ये. म्यूझ जिल्हा, व्हर्दूनच्या पूर्वेला, गाव एतँ, पिनकोड 55400. लेख मात्र आयरिश दंतकथेतल्या एडीनचा! मिदिरची ही नवी बायको, तर जुनी बायको फुअमनाख जळफळून तिचं पाणी करते, पाण्याची अळी, अळीची माशी, मग वाऱ्याने इकडून तिकडे उडवते, शेवटी ती माशी अल्स्टरमधल्या एका बाईच्या पेल्यात पडते, बाई ती पिऊन टाकते आणि एडीन पहिल्या जन्मानंतर 1012 वर्षांनी परत जन्मते. एवढी भटकलेली बाई, तिला आमच्या टूलने फ्रेंच ग्रामपंचायतीत नेऊन बसवली.

कारण साधं आहे. उच्चार वेगळे, पण रोमन अक्षरांत गाव Étain आणि बाई Étaín. फ्रेंच नावात फक्त ई वर तिरकी रेघ, आयरिश नावात ई आणि आय दोन्हींवर. आमची क्लीनिंग स्क्रिप्ट जुळवणीआधीच सगळ्या रेघा झाडून टाकते, मग दोन्ही नावं अक्षरशः सारखी, स्कोर 1.00. ज्याने हे लिहिलं त्याला रेघा म्हणजे कचरा वाटत असणार, उद्या मराठी डेटा आला तर हा 'मान'चा काना झाडून 'मन' करेल.

लीड म्हणाला, "अरे ते गाव ब्लॉक कर ना, विषय संपला." कसा संपला? त्याच लॉटमध्ये 1916 चे अंक आहेत, व्हर्दूनच्या लढाईच्या बातम्या, तिथे हे खरोखर गावच आहे, पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेलं. आणि तिथे छापणाऱ्याने रेघ दिलेलीच नाही. एडीनच्या इंग्रजी गोष्टींतही बऱ्याचदा नसते. म्हणजे स्क्रिप्ट सुधारली तरी अर्धंच काम होणार, शेजारची नावं बघायलाच लागतील, मिदिर आहे की व्हर्दून.

मी म्हटलं, गावांच्या आणि व्यक्तींच्या दोन्ही याद्यांत असलेलं नाव कितीही स्कोर आला तरी माणसाकडे पाठवा. त्यावर उत्तर आलं की रोज पास होणाऱ्या जोड्यांचा आकडा पडेल. आणि आकडा तर क्लायंटला दाखवायचा असतो, बाई कुठे बसलीय ते कोण बघतंय. तिकीट टाकलंय, प्रायॉरिटी लो.