कुणकेश्वराच्या वाटेवरचं गाऱ्हाणं

आमच्या गावचा देव दरवर्षी देवगडजवळच्या कुणकेश्वराला जात नाही. मानकरी कौल लावतात. देवाने होकार दिला तरच महाशिवरात्रीला स्वारी निघते. यंदा कौल मिळाला. मुंबईचे चाकरमानी रात्रीच्या गाड्यांनी उतरले, तरंगकाठ्यांना, म्हणजे ज्यांच्या रूपात देव निघतो त्या काठ्यांना, नवी लुगडी नेसवली, ढोल वाजला आणि बारा-पाचाच्या, म्हणजे गावच्या मानकऱ्यांच्या, मागून आम्ही रयत अनवाणी चालू लागलो.

निघण्याआधी देवळात गाऱ्हाणं झालं. पुष्कळांना गाऱ्हाणं नाटकातलं ठाऊक असतं, हसायचं म्हणून. देवासमोर उभं राहून ऐकलं की अंगावर काटा येतो. देवाशी इतकं थेट बोलणं मी दुसरीकडे कुठे ऐकलेलं नाही. कोण आजारी आहे, कोणाचं लग्न अडलंय, कोण दर्यात गेलाय, सगळं त्याच्या कानावर घालायचं, जां काय वाकडांनाकडां आसात तां दूर कर म्हणायचं, आणि सगळ्या गावाने एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. एकट्याचं संकट त्या ‘व्हय’मध्ये साऱ्या गावाचं होतं.

आचऱ्याची खाडी ओलांडून मुणगे, हिंदळे, मिठबाव अशी आमची वाट. पहाटेपर्यंत चालणं सोपं होतं. ऊन चढल्यावर कातळ आणि डांबर दोन्ही पाय भाजायला लागले. वाटेत आंब्याला मोहर होता, कुठे सुपारीएवढ्या कैऱ्या लागलेल्या, काजूच्या बोंडांचा आंबूस वास. गावागावांत बायका कळशी घेऊन उभ्या. तरंग धरणाऱ्यांच्या पायांवर पाणी घालायच्या, ओवाळायच्या, आणि आमच्या हातात कोकम सरबताचे पेले द्यायच्या. माझ्या टाचेला फोड आला तेव्हा एका अनोळखी आजीने आपल्या पडवीत बसवून त्यावर हळद-तेल लावलं आणि नावही न विचारता पुन्हा वाटेला लावलं.

माझ्याबरोबर शेजारची काकी चालत होती. तिच्याबद्दल सांगायचं तर २००९ च्या नोव्हेंबरात जावं लागेल.

फयान वादळ. ११ नोव्हेंबरला ते अलिबाग-मुंबईच्या मधे किनाऱ्यावर चढलं, पण त्याआधी आमच्या समोरच्या दर्यातून गेलं. पाऊस संपून मासेमारी जोरात होती, होड्या बाहेर होत्या. माझे बाबा एका ट्रॉलरवर खलाशी. मी शाळकरी होते. रात्रभर कौलं उडत होती, आई देवापुढे नारळ ठेवून बसली होती आणि गाऱ्हाणं एकटीच म्हणत होती. ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला घरात मी आणि धाकटा भाऊ. आम्ही ओरडून म्हणत होतो, वाऱ्याच्या वर आवाज जावा म्हणून.

बाबा आले. वादळात कितीतरी नौका आसऱ्याला देवगड बंदरात शिरतात, तशी त्यांचीही शिरली. तांडेलाला, म्हणजे होडी हाकणाऱ्या प्रमुखाला, किल्ल्यावरच्या दीपगृहाचा उजेड दिसला आणि त्या रोखाने त्याने होडीचं नाक धरलं. बाबा आजही सांगतात, “दिवो देवान दाखवल्यान, सुकाणू तांडेलान सोडूक नाय.” ही दोन वाक्यं ते कधी वेगळी करत नाहीत. मला वाटतं, त्यांच्या भक्तीतलं सगळं बळ त्यात आहे.

काकीचा नवरा दुसऱ्या होडीवर होता. ती होडी आली नाही.

तिनेही त्या रात्री तेच मागितलं होतं. तरी ती देवाकडे कशी जाते, हा प्रश्न माझ्या मनात लहानपणापासून होता. कातळावर सावली नव्हती, दोघी डोक्यावर पदर घेऊन चाललो होतो, तेव्हा मी विचारलं, “काकी, तरी तू येतंस?”

ती थांबली नाही. म्हणाली, “दर्यान माझो घोव न्हेल्यान. लोकांनी, देवान माका एकटी सोडूक नाय. चूल कोणी पेटवल्यान ता माका ठावक आसा.” थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, “रागान भांडलंय मी तेच्याशी. भांडूक तरी कोण व्हयो ना.”

यापुढे मी काय बोलणार होते?

कुणकेश्वराचं देऊळ अगदी समुद्राला लागून. भरतीच्या लाटा खालच्या तटापर्यंत येतात; ओहोटीला खडकातली शिवलिंगं उघडी पडतात. इथली दंतकथा सगळ्यांना पाठ आहे. परदेशी मुसलमान व्यापाऱ्याचं गलबत वादळात सापडलं, किनाऱ्यावर मिणमिणता दिवा दिसला, त्याने तिथल्या देवाला साकडं घातलं की वाचलो तर तुझं देऊळ बांधीन. वाचला आणि बांधलंही. पुढे, आपले लोक आता आपल्याला स्वीकारणार नाहीत म्हणून त्याने कळसावरून उडी टाकली, असं सांगतात. त्याचं थडगं म्हणून दाखवतात ती जागा देवळाजवळच आहे. मी प्रत्येक खेपेला तिथे हात जोडते. संकटात हाक मारताना त्याने देव कोणाचा हे विचारलं नाही, आणि देवानेही विचारलं नाही, एवढं मला पुरतं.

शिवरात्रीची रात्र रांगेत आणि भजनात गेली. अमावास्येला पहाटे वेगवेगळ्या गावांच्या देवस्वाऱ्या वाळूत उतरल्या. तरंग लाटांत भिजले, त्यांच्या मागोमाग आम्ही. थंड पाण्यात ढोल, शंख आणि ‘हर हर महादेव’ एकदम. काकी कमरेपर्यंत आत गेली. ज्या पाण्याने नेलं त्याच पाण्यात. मी तिचा हात घट्ट धरला होता, पण धरून ठेवायची गरज तिला नव्हती.

बाहेर आल्यावर ती ओल्या लुगड्यानेच मानकऱ्यांसमोर नारळ घेऊन उभी राहिली. तिचा मुलगा या मोसमात पहिल्यांदा ट्रॉलरवर चढणार होता. मानकऱ्याने नाव विचारलं, डोळे मिटले.

“बा देवा म्हाराजा! ह्यां तुझां लेकरू दर्यात जाताहा. तेच्या वाटेत जां काय वाकडांनाकडां आसात तां दूर कर, आनी तेका सुखरूप घराक घेऊन ये रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

मी ते शाळेत असताना म्हटलं होतं तेवढ्याच जोराने म्हटलं. काकीने नारळ दिला, पिशवीतून कोरडं लुगडं काढलं आणि मला म्हणाली, “फाल्या देवगडाक जावया. पोराक आंगात घालूचा जाकीट घेवचा आसा, पाण्यार तरंगता ता. तांडेल देयत म्हणान मी थांबूचंय नाय.”